अण्णांच्या नंबराखाली

वधू-वर सूचक केंद्र चालवणाऱ्या बाईंचं काम मी घेतलं, ते रविवार जात नव्हता म्हणून. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या बाईचा रविवार हा एक वेगळाच प्रकार असतो. सोमवार ते शनिवार मला ऑफिस असतं. सोलापुरात एका चादरीच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची चार टेबलांची सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि तिथं कुणाला कुणाच्या संसाराशी देणंघेणं नसतं. रविवारी मात्र शेजारणी निवांत असतात. 'काय गं, बघताय का कुठं?' असं दारातूनच विचारतात, जणू मी भाड्यानं द्यायची खोली आहे. आई गेल्यापासून घरात अण्णा आणि मी, दोघंच. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. ते शेजारणींना उत्तर देत नाहीत. पाणी आज सुटणार का उद्या, एवढंच उलटं विचारतात आणि विषय नळावर नेऊन सोडतात.

बाईंना सगळी पेठ बाईच म्हणते. पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे बोलताना समोरच्याला अजून बाकावर बसवतात. त्यांच्या केंद्राच्या दोन खोल्या आणि एक लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यात मुलींच्या फायली, मधल्यात मुलांच्या आणि तळाच्या कप्प्यात पुनर्विवाहवाले, म्हणजे विधुर, विधवा आणि माझ्यासारखे सोडचिठ्ठीवाले. माझी फाईलही तिथंच होती. खाली वाकल्याशिवाय दिसायची नाही.

"पोरं आता फायली बघायला येत नाहीत," बाई म्हणाल्या. "फोनात बघतात. मला ते फोनातलं करून दे."

करून दिलं. त्यांच्या दोन अटी होत्या. पहिली अट ऐकून माझं डोकंच फिरलं. मुलगा पसंती स्वतः पाठवू शकेल, पण मुलीकडून होकार जायचा तो तिच्या वडिलांच्या किंवा भावाच्या नंबरावरूनच.

"बाई, मी चौतीस वर्षांची आहे," मी म्हणाले. "मला माझा होकार स्वतः देता येत नाही?"

"तू मोठी झालीस गं. पण तुझ्या वडिलांना अजून बाप राहू दे की."

मी दात-ओठ खात ती अट लिहून टाकली. सगळ्या मुली आपापल्या बापांच्या मोबाईल नंबरांखाली जाऊन बसल्या आणि ते पोर्टल जिनं बांधलं तीही बसली.

दुसरी अट मात्र मला मनापासून आवडली. बाईंनी इतक्या वर्षांत कधी नकार लिहून ठेवला नव्हता. कुणाला कुणी नाकारलं याची चिठ्ठीसुद्धा नाही. त्या म्हणायच्या, मुलीच्या कागदावर एक नकार दिसला की पुढचा माणूस तिचं शिक्षण वाचायच्या आधी तोच वाचतो. मला तोवर इतके नकार आले होते की ते कुठंच लिहिलेले नाहीत या विचारानंच हायसं वाटलं. पोर्टलमध्येही तसंच व्हायला हवं होतं. पसंती यावी, थोडे दिवस थांबावी, होकार मिळाला तर पक्की व्हावी आणि नाही मिळाला तर मागमूस न ठेवता जावी.

त्यासाठी एक आयती लायब्ररी मिळाली. आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला, आपण उचलून वापरायचा कोड. ही अगदी छोटी होती. तिला एक की द्यायची, म्हणजे नाव. त्या नावाखाली एक व्हॅल्यू ठेवायची, म्हणजे आपल्याला जपायचं असेल ते. आणि बरोबर मुदत सांगायची. मुदत आहे तोवर नाव घेतलं की वस्तू हातात येते. मुदत संपल्यावर नाव घेतलं की लायब्ररी सांगते, नाही. कधी होती का, कुणी ठेवली होती, हे ती सांगत नाही, कारण तिलाच ते माहीत नसतं. आमच्याकडे की म्हणजे बापाचा नंबर, व्हॅल्यू म्हणजे मुलाची पसंती, आणि मुदत बाईंनी ठरवली ती दहा दिवस.

"दहा दिवस रग्गड झाले," त्या म्हणाल्या. "सोयरिकीला त्याहून जास्त विचार करणाऱ्याला नाहीच म्हणायचं असतं. तोंडावर म्हणवत नाही, एवढंच."

पसंतीखाली शेवटची तारीख दाखवावी असं मला वाटत होतं. बाईंनी ती ओळ काढायला लावली. "लग्न आहे ते, लाइटबिल नाही." मी हसले आणि ओळ काढली. मेसेज पाठवायला पैसे पडतात म्हणून पसंती आल्याची खूण फक्त ॲपच्या आत, उघडल्यावर दिसेल अशी ठेवली. पोर्टल चालू झालं, लोक वापरू लागले. मला त्याचा अभिमान होता, तो लपवायचं काही कारण नाही. मी लिहिलेल्या सगळ्या कोडमध्ये माणसांची लाज राखणारा तेवढाच एक होता.

अण्णांनी ॲप घेतलं तेव्हापासून सकाळच्या चहानंतर ते उघडून बसायचे. दुसरी माणसं पेपर उघडतात तसं. चष्मा नाकावर ओढून, फोन लांब धरून बघायचे आणि मिटून ठेवायचे. मी भाकरी थापत असायची, मला पाठमोरीला कळायचं. बोलायचे काहीच नाहीत. फोन फळीवर ठेवल्याचा आवाज आला की मी समजायची, आजही काही नाही.

त्या वर्षी गणपतीत बाईंनी मेळावा घेतला. मंगल कार्यालयात पुढच्या खुर्च्या पहिल्या लग्नाच्या मुलामुलींना आणि मागच्या आम्हाला. आमची ओळख करून द्यायची पाळी आली तोवर निम्मी माणसं जेवायला उठली होती. माझी चिडचिड झाली आणि मी चहाच्या टेबलाकडे गेले. तिथं एकजण उभा होता, तोही पंगत सोडून आलेला. करमाळ्यात त्याचं औषधाचं दुकान होतं. बायको आजारानं गेली होती, मूल नव्हतं. हे त्यानं एकदम सांगून टाकलं, बोलायच्या आधी अवघड सामान खाली ठेवून मोकळं व्हावं तसं. मग विचारलं, "तुमी काय करता?"

मी सांगितलं. लोकांना हे सांगितलं की ते 'हो का' म्हणतात आणि इकडं तिकडं बघतात. हा मात्र ऐकत राहिला, म्हणून मी आणखी सांगितलं. या मेळाव्याचं ॲप मीच केलंय, त्यात पसंतीला मुदत असते वगैरे.

"म्हंजे आमच्या औषधावानीच की," तो म्हणाला. "आमच्याकडं मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात टाकतो आमी. कंपनीला परत जातो. तुमचा कुटं जातो?"

"कुठंच नाही. नाहीसा होतो."

त्यानं कप हातात फिरवला. "मग ते व्हतं का नव्हतंच, हे कळायचं कसं?"

"कळायची गरज नसते," मी म्हणाले. मला माझ्या कामाचं फार कौतुक होतं.

त्याला काही ते पटलं नाही. हसला मात्र. मग आम्ही बराच वेळ बोललो. त्याच्या दुकानात येणारी म्हातारी माणसं रंगावरून गोळ्या मागतात. तांबडी द्या, काल दिली ती पांढरी नको. माझ्या ऑफिसातली खुर्ची एका बाजूला कलते, तशी बसून बसून मीही कलले आहे. असंच काहीबाही. पहिल्या नवऱ्याशी दोन वर्षांत मी जेवढी हसले नव्हते तेवढी त्या टेबलापाशी हसले. तो नवरा काही वाईट नव्हता. त्याला मी घरात असल्याचं लक्षातच राहायचं नाही. या माणसानं चहा घेताना माझ्यासाठी दुसरा कप आधी पुसला. एवढ्यावरून माणूस ओळखू नये म्हणतात. मी ओळखला.

निघताना त्यानं विचारलं, "तुमच्या घरी कुणाचा नंबर हाय?"

"अण्णांचा. वडिलांचा."

"गणपती बुडायच्या आत पाठवतो. नंतर पित्रं लागत्यात."

पित्रं म्हणजे पितृपंधरवडा. आमच्याकडे त्या दिवसांत लग्नाचं बोलणं करत नाहीत. सोयरीक तर सोडाच, कुणी घरात तो विषयसुद्धा काढत नाही. ते दिवस गेलेल्या माणसांचे. त्यानं ते ध्यानात ठेवून आधीचा दिवस सांगितला, याचंही मला अप्रूप वाटलं.

विसर्जनाच्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून लेझीमवाल्यांची पथकं एकामागून एक गेली. मी गच्चीवर उभी होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. आता पाठवलं असेल, आता पाठवलं असेल, एवढंच चाललं होतं. चौतिसाव्या वर्षी हे असं व्हावं याचा मला रागही येत होता आणि तो राग खोटा आहे हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी चहा घेतला, फोन उघडला. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून कान दिला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ शांतता झाली. मग फोन फळीवर ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर अण्णा उठून अंघोळीला गेले.

त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी ॲप उघडलंच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चहा झाला की ते अंगणात जायचे, फाटकाला तेल घालायचे, आईनं लावलेल्या मोगऱ्याची माती उकरायचे. फोन फळीवर तसाच. मला वाटलं, संपलं. माझ्या बापानं आशा सोडली. ते बघवत नव्हतं. अण्णा माझ्यासाठी रोज काही तरी बघतात, एवढंच काय ते माझ्याकडे उरलं होतं, आणि आता तेही थांबलं.

पण माणूस तर खुशीत दिसत होता. एक दिवस ऑफिसातून आले तर त्यांचा चांगला शर्ट इस्त्री होऊन दारामागं लटकत होता.

"पंधरवड्यात कुठं चाललात?"

"कुटं न्हाय."

"मग शर्ट?"

"चुरगळला व्हता. काय गं, बापानं शर्टाला इस्त्री बी करू न्हाय का?"

आशा सोडली की माणूस मोकळा होतो म्हणतात, तसं काहीसं असेल, असा मी अर्थ लावला. स्वतःला शहाणं समजणाऱ्या बाईला अर्थ फार पटकन लागतात.

नवमीला आईचं पान होतं. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईची तिथी नवमीला धरतात, अविधवा नवमी. मी खीर केली, वडे केले. अण्णांनी गच्चीवर पान नेऊन ठेवलं आणि मला खाली पाठवलं. दरवर्षी आम्ही दोघं थांबायचो. या वेळी ते म्हणाले, तू जा, मी बघतो. खालून मला त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. खाली आले तेव्हा डोळे पाणावलेले होते आणि चेहरा हसरा. दोन वडे जास्त खाल्ले. मला त्या माणसाची कीव आली, याची आज मला लाज वाटते.

एकादशीला दुपारी ऑफिसात काम नव्हतं. पोर्टल माझ्याच हातातलं. कुणाच्या नंबराखाली काय आहे ते मला एका ओळीत बघता आलं असतं, पण मी कधी बघितलं नव्हतं. लोकांच्या घरात डोकवायचं नाही, हा माझा माझ्याशी नियम होता आणि आमच्या घरालाही तो लागू होता. त्या दुपारी मात्र राहवलं नाही. मला विषय संपवायचा होता. त्यानं पाठवलं असेल तर अण्णा बोलले असते. अण्णांच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी खात्री. म्हणजे त्यानं पाठवलं नाही. तरी एकदा यंत्राकडून ऐकलं की बरं. मी अण्णांचा नंबर टाईप केला, तोंडपाठच होता, आणि विचारलं.

उत्तर आलं, नाही.

आमच्या धंद्यातलं 'नाही' फार सभ्य असतं. ते तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत नाही, कळवतो म्हणत नाही, पत्रिका जुळत नाही म्हणत नाही. नुसतं नाही. मी ती खिडकी बंद केली. खाली जाऊन चहा प्यायले. मला फार वाईट वाटलं. पुसलेला कप, गणपती बुडायच्या आत, ती गोळ्या मागणारी म्हातारी माणसं, सगळंच मेळाव्यातलं गोड बोलणं होतं म्हणायचं. मुख्य म्हणजे आता काही शिल्लक नाही, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. इतकं स्पष्ट की त्यात रडूही आलं नाही. पंधरवडा संपेपर्यंत मी घरी ऑफिस आणि ऑफिसात घर असं काहीतरी करत राहिले. अण्णा गुणगुणत होते. त्यांचं गुणगुणणं मला सोसवत नव्हतं.

घटस्थापनेला मी सकाळी घट बसवला. अण्णा अंघोळ करून तो इस्त्रीचा शर्ट घालून आले. देवाला हात जोडले. मग फळीवरून फोन आणला, पाटावर ठेवला आणि त्याला हळदीकुंकू लावलं. मला हसू आलं.

"हसू नगं. हितं बस."

मी बसले.

"पित्रात सांगायचं नसतं म्हणून गप बसलो. पोटात माझ्या मावत नव्हतं बग. आलंय. गणपती गेलं आन् दुसऱ्या दिवशी सकाळी बगितलं म्या. करमाळ्याचं. औषदाचं दुकान हाय. निळ्या शर्टातला फोटू हाय. माणूस लई चांगला दिसतो गं. सारकं सारकं बगून दिष्ट लागंल म्हणून फोनला हात सुदिक लावला न्हाय." फोन त्यांनी माझ्या हातात दिला. "बाईचा नेम असू दे बाईपाशी. तुज्या हातानं दाब."

मी ॲप उघडलं. कुंकवाचं बोट काचेवर उमटलं.

'सध्या आपल्याकडे नवीन पसंती नाही.' वाक्य माझंच होतं. कुणाला टोचू नये म्हणून त्यातला 'सध्या' मी मुद्दाम घातला होता.

"हितंच व्हतं की," अण्णा म्हणाले. त्यांनी फोन घेतला, खाली सरकवलं, वर सरकवलं, बंद करून परत उघडला. "हितं. हितंच व्हतं बग. मी काय खुळा हाय का? निळा शर्ट."

मी मनात दिवस मोजले. त्यानं विसर्जनाच्या संध्याकाळी पाठवलं होतं. मुदत भरली ती नवमीच्या संध्याकाळी. दुपारी गच्चीवर पान ठेवलं तेव्हा ते होतं, दिवेलागणीला संपलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मी ती लायब्ररी आतून वाचलेली आहे. तिच्यात मुदत संपलेली वस्तू लगेच टाकली जात नाही. तेवढा त्रास ती घेत नाही. वस्तू आपली पडून राहते, आणि कुणी नाव घेऊन विचारायला आलं की ती मुदत बघते, संपलीय म्हणते, त्याच क्षणी वस्तू फेकते आणि 'नाही' असं उत्तर देते. अण्णांनी दृष्ट लागेल म्हणून फोनला हात लावला नव्हता. त्या नंबराखाली दुसऱ्या कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे एकादशीच्या दुपारी ती पसंती तिथंच होती. निळ्या शर्टासकट. मी विचारलं म्हणून ती गेली. वाकडी वाट काढून आत शिरले असते तर मला ती दिसली असती. मी सरळ, नियमानं विचारलं, आणि उत्तर देता देता तिनं ती पुसली.

बाईंचं केंद्र उघडायची वाट न बघता मी त्यांच्या घरी फोन लावला आणि करमाळ्याच्या त्या माणसाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, सकाळीच त्याच्या थोरल्या भावाचा फोन आला होता. बार्शीच्या मुलीला होकार कळवला त्यांनी. घट बसल्या बसल्या शब्द दिला."

"त्यानं मला पसंती पाठवली होती, बाई."

"हो तर. मुदत संपल्यावर दोनदा विचारून गेला, सोलापूरकडून काही आलं का म्हणून. मी म्हटलं, इथं होकार काही दिसत नाही. उत्तर नाही हेच उत्तर समज. सगळ्यांना तेच सांगते मी." मग त्या थांबल्या. "तुमच्याकडून नाहीच होतं ना?"

मी पंधरवड्याचं सांगितलं. इतक्या लग्नांच्या मध्ये पडलेली बाई, पण पंधरवडा त्यांच्याही डोक्यात आला नव्हता, कारण फायलींच्या काळात पंधरवड्यात केंद्रच बंद असायचं. फाईल कपाटात असायची आणि घट बसल्यावर तिथंच सापडायची.

"विचारू का त्याला?" त्या म्हणाल्या.

बार्शीची ती बाई मी बघितलेली नाही. पण ती तळाच्या कप्प्यातलीच असणार. तिच्याही बापानं त्या सकाळी अंघोळ करून तिला समोर बसवलं असेल. शब्द दिलेला मोडायला लावायचा तर तिच्या पाटावरून फोन उचलून आणायचा. मी नको म्हणाले. याला थोरपणा म्हणू नये. मला एवढंच कळलं की माझ्यात ते विचारायचं बळ नाही, आणि त्यानं नाही म्हटलं तर ते ऐकायचं तर त्याहून नाही.

फोन ठेवला तेव्हा अण्णा पाटापाशी तसेच बसले होते.

"काय म्हणल्या बाई?"

"त्यांचं दुसरीकडं ठरलं."

"मग आलं व्हतं का न्हवतं? मी बगितलं ते खरं का खोटं?"

पुरावा म्हणून दाखवण्यासारखं जगात काही नव्हतं. त्यांचे डोळे आणि माझा शब्द.

"आलं होतं, अण्णा."

त्यांनी मान हलवली. शर्टाच्या बाहीनं फोनवरचं कुंकू पुसलं. शर्टाला तांबडा डाग पडला, तो धुऊनही पुरता गेला नाही.

पुढं बाईंनी मला बदल करायला सांगितला. पंधरवड्यात मुदतीचे दिवस धरायचे नाहीत, घट बसले की पुढं मोजायचं. करायला काही अवघड नव्हतं. चालतंय ते नीट. पसंतीखाली आता शेवटची तारीखही दिसते. लोकांची लग्नं जमतात. अण्णांचा नंबर अजून त्यात आहे, आणि त्याखाली काय आहे ते बघायला मी परत कधी गेले नाही. अण्णांनीही ॲप उघडायचं सोडून दिलं. सकाळी चहा झाला की ते रिकामे बसतात, आणि फोन ठेवल्याचा आवाज आता येत नाही. त्या आवाजाची मला इतकी सवय होती हे मला माहीत नव्हतं.

यंदा नवमीला परत आईचं पान होतं. मी खीर केली, वडे केले. अण्णा पान घेऊन गच्चीवर गेले आणि या वेळी त्यांनी मला खाली पाठवलं नाही. ते पानासमोर उभे राहिले. ओठ हलले नाहीत. बराच वेळ गेला, कावळाही शिवून गेला, तरी ते तिथंच.

"आईला काही सांगायचंय का?" मी विचारलं.

"न्हाय."

"गेल्या वर्षी बोलत होतात."

"तवा सांगितलं व्हतं की. पोरीचं जमलं म्हणून. दुकान हाय, माणूस चांगला हाय. तिला आदी सांगितलं, मग तुला सांगणार व्हतो."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं केला.

"न्हाय जमलं, हे अजून सांगितलं न्हाय म्या तिला," अण्णा म्हणाले. "तिच्या लेखी तुजं ठरलंय. ऱ्हाऊ दे तसंच."

त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि आम्ही जेवायला खाली आलो.